वीतभर कमी पडलेली उडी

खोलीत शिरली की ती आधी उजव्या खांद्यावरून मागं बघायची, मग डाव्या खांद्यावरून, आणि मगच बसायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, हिच्यासोबत अजून कोणी आलंय आणि ते मागं राहिलंय. मी दारापर्यंत जाऊन बघून आले. बाहेर चपला होत्या, वाळत घातलेले नॅपकिन होते. माणूस कोणी नव्हतं.

"कोणाला शोधतेस?" मी विचारलं.

"कोणालाच नाय," ती म्हणाली. "सवय हाय. मागं कोण हाय ते कळल्याबिगर मला बसता येत नाय."

तुम्ही फुटबॉलचा सामना कधी बघितला असेल, तर चेंडूकडं बघितलं असेल. सगळेच तसं बघतात. पुढच्या वेळी चेंडू सोडून द्या आणि आपल्या गोलपुढं उभ्या असलेल्या खेळाडूंकडं बघा. चेंडू पार पलीकडच्या टोकाला असतो, सगळं मैदान तिकडं डोळे लावून बसलेलं असतं, आणि ह्यांच्या माना मात्र सारख्या वळत असतात. पाठीमागून कोण निसटेल ह्याची काळजी त्यांना. ती त्यातली होती. डिफेंडर. तिला विचारलं की कुठं खेळतेस, तर ती एवढंच सांगायची, "मागं."

बजाजनगरात माझं फिजिओथेरपीचं लहानसं क्लिनिक आहे. दोन गाळे, चार खाटा, एक सायकल आणि भिंतीला लावलेला आरसा. वाळूजच्या कंपन्यांमधले कामगार येतात, कोणाची कंबर, कोणाचा खांदा. लोक मला 'व्यायामवाल्या मॅडम' म्हणतात. तिच्या वडिलांना मी आधीपासून ओळखत होते. ते एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबून भाग काढायच्या खात्यात होते आणि उजव्या हाताची दोन बोटं मशीनखाली अर्धी राहिली होती. तो हात माझ्याकडंच हलता झाला. म्हणून पोरीचा गुडघा गेल्यावर ते तिला घेऊन सरळ माझ्याकडं आले. शहराच्या पाट्यांवर नवं नाव रंगवलं जात होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट.

ती एकोणीस वर्षांची होती. उंच, खांदे रुंद, केस मागं घट्ट बांधलेले, आणि पुढचा एक दात तिरका तुटलेला. राज्याच्या संघाच्या शिबिरात वळताना डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. गुडघ्याच्या आत एक जाड दोरी असते, ती वरचं हाड आणि खालचं हाड एकमेकांना धरून ठेवते. पुण्यात ऑपरेशन झालं होतं आणि टाके निघाले होते. आता पुढचे नऊ महिने माझे होते.

तिचा दुसरा आठवडा असेल. एक आजोबा होते माझ्याकडं, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, नवा गुडघा बसवलेले. काठी टेकत आरशासमोर चालत होते. फरशी नुकतीच पुसलेली होती. काठी सरकली आणि आजोबा कलले. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "माझा!" आणि ही पोरगी, जिला पाय टेकवायलासुद्धा मी जपून सांगितलं होतं, एका पायावर उडी मारून आजोबांच्या काखेत खांदा घालून उभी.

मी दोघांनाही बसवलं आणि तिला जे काही बोलायचं ते बोलले. ती खाली मान घालून ऐकत होती. आजोबा मात्र खूश होते.

"माझा काय म्हणली गं ही?" त्यांनी मला विचारलं.

"वरून आलेला चेंडू कोण घेणार ते ओरडावं लागतंय आजोबा," तिनंच सांगितलं. "नायतर दोघी जातात आन् टक्कर होती. मी तुम्हाला घेतलं."

"घेतलंय ना? मग आता सोडायचं नाही," आजोबा म्हणाले. आणि त्यानंतर रोज ते आले की दारातूनच विचारायचे, "माझी डिफेंडर आली का?"

क्लिनिकमध्ये काहीही पडलं तरी ती "माझा!" म्हणायची. कात्री पडली, शेकाची पिशवी घसरली, एकदा तर माझा फोन. सोबतच्या बायकांना व्यायाम करताना रांगेत उभं करायची आणि "लाईन धरा काकू, लाईन धरा" म्हणून दटावायची. त्या काकू मानेच्या दुखण्यासाठी आलेल्या असायच्या. पण लाईन धरायच्या.

फुटबॉल ती शिकली एमआयडीसीतल्या एका रिकाम्या प्लॉटवर. एका बाजूला कंपनीच्या बस उभ्या राहायच्या, दुसऱ्या बाजूला बाभळी. शाळेतल्या खेळाच्या सरांनी मुलींचा संघ करायचा ठरवलं, तेव्हा सगळ्या पोरींना पुढं खेळायचं होतं, गोल मारायचे होते. सर वैतागून म्हणाले, "अगं, मागं कोण थांबणार?" ही म्हणाली, "मी थांबते." एवढ्यावर तिची जागा ठरली.

"पुढं खेळावं वाटलं नाही कधी?" मी एकदा विचारलं. मी तिच्या मांडीला पट्टी बांधत होते.

"नाय. मागून सगळं दिसतंय."

"पण नाव गोल मारणाऱ्यांचंच होतं की."

"ते व्हय," ती म्हणाली. "झालेला गोल पेपरात येतो. न झालेला कोण छापतंय?"

मग ती मला न झालेले गोल सांगायची. शेक चालू असताना वीस मिनिटं पडून राहावं लागतं, तेवढ्या वेळात एक तरी व्हायचाच. अमुक सामन्यात समोरची पोरगी एकटी सुटली होती, गोलकीपर पुढं आली होती, जाळं उघडं होतं, आणि ही कुठून तरी पाय घालून चेंडू बाहेर. तमुक सामन्यात चेंडू थेट गोलरेषेवर आला आणि हात लावता येत नव्हता म्हणून हिनं तोंड पुढं केलं. दात तिथंच तुटला. घरी आईनं रडून गोंधळ घातला की आता हिचं लग्न कसं व्हायचं. ही आरशात बघून म्हणाली, "दात गेला, गोल तर नाय गेला." हे सांगताना ती हसायची आणि तो तिरका दात दिसायचा. मला त्या न झालेल्या गोलांची इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

काम मात्र ती मरमर करायची. दहा वेळा सांगितलं तर पंधरा वेळा. तिला थांबवणं हेच माझं मुख्य काम होतं. सहाव्या महिन्यात एका सोमवारी गुडघा टम्म सुजलेला घेऊन आली. मी विचारलं, काय केलंस? म्हणाली, काय नाय. मी नुसतं बघत राहिले. मग हळूच म्हणाली, "वेरूळला गेलो होतो सगळे."

"मग?"

"लेण्याच्या वर टेकडी हाय ना मॅडम. सगळे हळूहळू चढत होते. मला वाटलं, बघावं जमतंय का."

"पळत चढलीस?"

"चढले पळत. उतरले बसत बसत."

मी पंधरा दिवस तिला सायकलशिवाय कशाला हात लावू दिला नाही. ती रोज तोंड पाडून सायकल मारायची आणि आजोबा शेजारी बसून तिला त्यांच्या नोकरीतले घाट सांगायचे. कोणत्या घाटात गिअर कुठं बदलायचा, ते. ती निमूट ऐकायची. मला वाटतं, तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब प्रवास असेल.

आता जे सांगायचं आहे ते सांगणं मी बरेच दिवस टाळत आले आहे. पण ते सोडून तिच्याबद्दल लिहिणं खोटं होईल.

आठवा महिना संपत आला होता. बाहेरच्या राज्यातल्या एका क्लबनं तिला चाचणीला बोलावलं. मुलींच्या मोठ्या लीगमध्ये खेळणारा क्लब. सरांनी तिचे जुने व्हिडिओ पाठवले होते. अट एकच होती, की फिजिओथेरपिस्टचं पत्र हवं, खेळायला हरकत नाही म्हणून.

अशा वेळी आम्ही काही तपासण्या करतो. त्यातली एक अगदी साधी असते. एका पायावर उभं राहायचं, त्याच पायानं पुढं उडी मारायची आणि त्याच पायावर थांबायचं. दोन्ही पायांची उडी जवळजवळ सारखी यायला हवी. तिनं उजव्या पायानं उडी मारली. मी खडूनं रेघ ओढली. मग डाव्या पायानं. ती रेघ मागं राहिली. तीन वेळा करून घेतलं. तिन्ही वेळा वीतभर कमी.

"अजून तीन महिने दे," मी म्हणाले.

वडील दारात उभे होते, कंपनीतून तसेच आलेले, गळ्यात ओळखपत्र.

"तीन महिन्यांनी त्यांची यादी भरलेली असती मॅडम," ती म्हणाली. "पुन्हा मला कोण बोलवणार? बजाजनगरच्या पोरीला एकदाच फोन येतोय."

"गुडघा पण एकदाच..."

"मी जपून खेळते. शप्पत. तुम्ही सांगाल ती पट्टी बांधते. मॅडम, लिहा ना."

मी तिच्या वडिलांकडं बघितलं. मला वाटलं होतं, ते नको म्हणतील. ते म्हणाले, "तुम्हाला जे बरोबर वाटतंय ते करा. आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

मला कळत होतं. फाईलमध्ये मी तो आकडा लिहिला. आणि वेगळ्या कागदावर लिहिलं की खेळायला हरकत नाही, काळजी घ्यावी. सही केली. शिक्का मारला. तिनं खाली वाकून माझ्या पायाला हात लावला आणि त्या वाकण्यात तिचा गुडघा पूर्ण वळला, ते बघून मला बरंही वाटलं. माणूस स्वतःची समजूत कशानं घालून घेतो बघा.

तिची निवड झाली. क्लिनिकमध्ये पेढे आले. आजोबांचे उपचार तोवर संपले होते, तरी त्यांच्या घरी पेढे पोचवायला ती स्वतः गेली.

लीगचे सामने मोबाईलवर दिसायचे. दुपारी सामना असला की मी कामं पुढंमागं करायचे. आजोबा काठी टेकत यायचे. चार खाटांवरचे पेशंट, आजोबा आणि मी, एका लहानशा पडद्याभोवती. सुरुवातीला आम्हाला ती सापडायचीच नाही. कॅमेरा चेंडूमागं, ती कुठं तरी कडेला. मग कळायला लागलं. चेंडू आपल्या बाजूला आला की एक उंच मुलगी हात पसरून बाकीच्यांना पुढं मागं करते आहे, ती आपली. समालोचक तिचं नाव फारसं घेत नसे. एकदा मात्र म्हणाला, आज ह्या संघाच्या गोलकीपरला फारसं काम पडलेलं नाही. आजोबांनी मांडीवर थाप मारली. "कोणामुळं ते सांग की!" ते पडद्याला म्हणाले.

पाचवा सामना. दुसरा अर्धा भाग. समोरच्या संघानं लांब चेंडू टाकला, ती वळली आणि पळायला लागली. तिच्याजवळ कोणी नव्हतं. कोणी धक्का दिला नाही, पाय घातला नाही. चेंडू आत वळला म्हणून तीही वळली, आणि खाली बसली. पडली नाही, बसली. मग आडवी झाली आणि एक हात वर केला.

"काय झालं? कोणी पाडलं?" आजोबा विचारत होते. "मला तर कोणी दिसलं नाही."

जवळ कोणी नसताना जो गुडघा असा खाली बसवतो, त्याला काय झालेलं असतं ते मला माहीत होतं. खाटेवरच्या एका बाईच्या खांद्यावर शेक ठेवलेला होता. तो काढायची वेळ झाली होती. मी जाऊन तो काढला.

पुन्हा पुण्यात ऑपरेशन झालं. ह्या वेळी नुसती दोरी नव्हती, आतली गादीही फाटली होती, हाडावरचं गुळगुळीत आवरण उडालं होतं. महिन्याभरानं ती क्लिनिकला आली. कुबड्या घेऊन. दारात थांबली, मागं बघितलं, आत आली.

मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हणाले, "तो कागद मी..."

"मॅडम," ती म्हणाली, "मैदानात मी पळत होते. कागद नव्हता पळत." आणि हसली. "चला, सुरू करा. पहिल्यापासून सगळं पाठ हाय मला."

तिच्या ह्या मोठेपणाचा मी अगदी घाईनं आधार घेतला, हे आता कळतं.

त्या दिवसांत वडील एकदा एकटेच आले. बसले. अर्धी बोटं दुसऱ्या हातात धरून म्हणाले, "मॅडम, माझी बोटं गेली तवा कंपनीनं मला हलकं काम दिलं. स्टोअरला बसवलं. आपण म्हणलं, ठीक हाय, पगार चालू हाय, माणूस कामाला तर हाय." मग बोटं सोडून माझ्याकडं बघितलं. "हिच्या खेळात हलकं काम नसतंय का वो?"

पुण्याच्या डॉक्टरांनी तिला 'बघू' म्हटलं होतं आणि वडिलांना बाजूला घेऊन 'नाही' म्हटलं होतं. वडिलांनी ते 'नाही' दोन महिने पोटात ठेवलं. शेवटी ते तिला सांगायचं काम माझ्याकडं आलं. तिनं एक दिवस व्यायाम थांबवून सरळ विचारलं, "मॅडम, खरं सांगा. अजून एकदा?"

"चालशील," मी म्हणाले. "जिने चढशील. नोकरी करशील. खेळता येणार नाही."

"थोडं पण?"

"नाही."

तिनं मान हलवली. मग उरलेले सगळे व्यायाम केले, मोजून, एकही न गाळता. चप्पल घातली आणि गेली. त्या संध्याकाळी आरसा पुसताना मला तिच्या हातांचे ठसे दिसले, तोल सावरायला टेकवलेले. तेवढे पुसले मी, आणि खाली बसून रडले.

राग यायला तिला अजून दोन महिने लागले. दुपारची वेळ, क्लिनिकमध्ये आम्ही दोघीच. ती म्हणाली, "माझी जुनी फाईल दाखवता?"

मी दिली. ती पानं उलटत गेली. त्या पानाशी थांबली. बोट ठेवून वाचलं. उजवा, डावा. मग वर बघितलं.

"ह्या आकड्यावर तुम्ही दुसऱ्या कोणाला सोडलं असतं?"

"नाही," मी म्हणाले.

"मग मला का सोडलं?"

"तू मागितलंस म्हणून."

"मी मागणारच की मॅडम," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी एकोणीस वर्षांची होते. मला एवढंच मागता येत होतं. नाय म्हणायला तुम्ही होता."

तिनं फाईल मिटवून टेबलावर नीट ठेवली, कडेला कड लावून. आणि निघून गेली. तीन आठवडे आली नाही.

मी तिच्या घरी जावं की जाऊ नये, हे मला ठरवता आलं नाही. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. चौथ्या आठवड्यात ती आपली आली, सोमवारी, ठरलेल्या वेळी. मागं बघून बसली. आम्ही पट्टी बांधली, सायकल लावली. तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. त्यानं काही मिटलं असं मी म्हणणार नाही. फक्त त्यानंतर ती मला न झालेले गोल सांगेनाशी झाली. मी वीस मिनिटांचा शेक लावायचे आणि ती छताकडं बघत पडून राहायची.

सरांनी तिला लहान मुलींना शिकवायला बोलावलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, हे छान झालं. तुम्हालाही आत्ता तसंच वाटलं असेल. दोन दिवस गेली आणि सोडून आली.

"का गं?" मी विचारलं.

"एक पोरगी हाय तिथं. आत वळताना पाय चुकीचा टाकती. मी सांगितलं तिला, दाखवून सांगितलं. तरी तसंच करती." ती म्हणाली. "ती वळली की मला बघवत नाय मॅडम. मी डोळे झाकून घेते. डोळे झाकून कसं शिकवायचं?"

मग वाळूजच्याच एका कंपनीत तिला काम लागलं. गाड्यांच्या दिव्यांचे भाग बनायचे, ते पट्ट्यावरून सरकत यायचे, आणि शेवटी बसून त्यातले खराब भाग बाजूला काढायचं काम तिचं. बसून करायचं होतं म्हणून बरं होतं. मी विचारलं, जमतंय का, तर म्हणाली, "जमतंय. एक पण खराब पीस पुढं जात नाय." सांगताना जरासं हसली, पण ते हसू दातापर्यंत आलं नाही.

वर्षभरानं लग्न ठरलं. गंगापूरच्या पुढं, गोदावरीकडच्या एका गावात. मुलगा खतं-बियाणांच्या दुकानात होता, शांत होता. मी लग्नाला गेले. मंडपात तिला पाटावर मांडी घालून बसता येईना, म्हणून खुर्ची ठेवली होती. त्यावरून बायकांमध्ये कुजबुज चालली होती. नवऱ्याकडच्या एक आजी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गाडीवरून पडली होती म्हणं पोरगी."

मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेल्या तिच्या आईनं माझा हात दाबला. मी म्हणाले, "हो."

नंतर, जेवणाच्या गडबडीत, नवी साडी सावरत ती माझ्याजवळ आली.

"कळलं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "मीच तसं सांगा म्हणलं होतं. खेळताना मोडला म्हणलं की लोक विचारतात, पोरीच्या जातीनं खेळायचंच कशाला? गाडीवरून पडलं म्हणलं की कोणी काय बोलत नाय. आई गं म्हणतात, सोडून देतात."

"आणि त्याला?"

"त्याला खरं सांगितलंय. ऐकून घेतलं त्यानं. चांगला हाय तो." मग म्हणाली, "तो म्हणला, व्हिडिओ असतील ना, दाखव. मी म्हणलं, नायत."

व्हिडिओ होते. माझ्याकडंसुद्धा होते.

त्या आजोबांना लग्नाला यायचं होतं. त्यांचा दुसराही गुडघा तोवर गेला होता, त्यांना झेपलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाकीट दिलं होतं, त्यावर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्या डिफेंडरला'. ते पाकीट तिथं सगळ्यांसमोर द्यायचं कसं, मला कळेना. मी ते पर्समधून काढून, नाव आत जाईल असं दुमडून तिच्या हातात दिलं. तिनं उलगडून वाचलं. परत तसंच दुमडलं आणि ब्लाउजमध्ये खोचलं.

ह्या दिवाळीनंतर ती माहेरी आली होती. चार दिवस होती. शेवटच्या दिवशी क्लिनिकला येऊन गुडघा दाखवून गेली. जरा जास्त चाललं की आत काहीतरी अडकतं, म्हणाली. शेतात जावं लागतं, विहिरीपर्यंत उतार आहे. मी व्यायाम सांगितले. तिनं ऐकून घेतले. पूर्वी ती मी सांगायच्या आत पुढचं सांगायची.

"करशील ना?" मी विचारलं.

"वेळ मिळाला की करते मॅडम."

निघताना मी म्हणाले, मी सोडते तुला. माझ्या स्कूटीवरून मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो, जिथं गंगापूरच्या जीपा थांबतात. वाटेत ती मागून सांगत होती, सासूबाईंनी शेळी घेतली आहे, शेळी नुसती हिच्याच मागं मागं फिरते, बाकी कोणाला जवळ येऊ देत नाही. खूप दिवसांनी ती आपणहून काही सांगत होती, म्हणून मी गाडी हळू चालवली.

जीप जवळजवळ भरली होती. ड्रायव्हर घाई करत होता. तिनं पिशवी आत दिली, मला म्हणाली, "येते मॅडम, या एकदा गावाकडं," आणि दाराजवळच्या सीटवर कंबर टेकवली. उजवा पाय आत घेतला. डावा बाहेरच राहिला. तिनं एकदा जोर लावून बघितला. गुडघा अडकला होता.

मी पुढं झाले. पण तिनं माझ्याकडं न बघता, शेजारच्या बाईशी बोलता बोलताच, दोन्ही हात मांडीखाली घातले, पाय उचलला आणि पिशवी सरकवावी तसा आत ओढून घेतला. मग दार लावलं. असा पाय उचलायला मी माझ्या सत्तरीच्या पेशंटांना शिकवते. तिला मी ते कधी शिकवलं नव्हतं.